कोण यायचे राहिले आहे?

डॉ. सोनल घरत हिला आमच्या उरण भागात बरेच लोक ‘स्टूलवाली डॉक्टरीण’ म्हणतात. मी शिक्षक होतो त्या शाळेत ती शिकली, म्हणून येथे मी तिचा उल्लेख एकेरीत करतो. एरवी तिचे काम आदरार्थी बहुवचनाला पात्र आहे. स्टुलाची हकीकत लहानशी आहे. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात सर्वजण उभे असतात. डॉक्टर उभे, परिचारिका उभ्या, आणि नातेवाईक तर भिंतीला टेकण्याचाही धीर न होऊन उभे. आडवा असतो तो एकटा रुग्ण. अशा ठिकाणी कोणाला काही नीट सांगायचे, तर सांगणाऱ्याने आधी खाली बसले पाहिजे, असे सोनलचे मत पडले आणि तिने घरून एक लाकडी स्टूल आणून ठेवले. लाकूड नीट निर्जंतुक होत नाही हा परिचारिकांचा आक्षेप रास्त होता. तो तिने त्याच दिवशी मान्य केला आणि लाकडाच्या जागी पोलादी स्टूल आले. औषधांच्या कपाटाच्या डाव्या बाजूला त्याची जागा ठरलेली आहे. ते तेथे नसेल, तर आत कोणीतरी कोणाला तरी कठीण बातमी सांगत आहे असे समजावे.

तातडीच्या वैद्यकाचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या तरुण डॉक्टरांना सोनल पॅलिएटिव्ह केअर शिकवते. या विषयाला मराठीत उपशामक सेवा असे भारदस्त नाव आहे. ते ऐकून फारसा बोध होत नाही. मी तिला अर्थ विचारला तेव्हा ती म्हणाली, “सर, बरं करता येत नाही, तेव्हाही करण्यासारखं पुष्कळ उरतं. ते करायचं.” मला ही व्याख्या पुरेशी वाटली.

तिचे वडील मोरू घरत मिठागरावर कामाला होते. शाळेत पालकसभेला येत तेव्हा त्यांच्या पायांना मिठाने पडलेल्या भेगा दिसत. वर्गात येण्यापूर्वी ते चपला बाहेर काढीत आणि मग भेगा दिसू नयेत म्हणून पाय बाकाखाली ओढून घेत. पुढे बंदर वाढले, मिठागरांवर भराव पडून कंटेनरचे अड्डे झाले आणि मोरूशेठनी इतरांप्रमाणे ट्रेलरची चाके धरली. मुलगी डॉक्टर होऊन परतली तेव्हा तिने विभाग निवडला तोही या चाकांशी संबंधित असाच. बंदराच्या रस्त्यावर अपघात रोजचे. चिरडलेला पाय, फुटलेले डोके, क्षणाचा उशीर न चालणारी माणसे. तिचे हात वेगवान होते आणि त्या वेगाने वाचलेली माणसे आजही तालुक्यात हिंडताना दिसतात.

परंतु या जखमींच्या मधूनमधून दुसरीही माणसे येत. जुन्या कर्करोगाची, थकलेल्या हृदयाची, मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांनी ‘आता घरी न्या’ असे सांगून पाठवलेली. शेवटची धाप लागली की घरचे घाबरत आणि टेम्पोत घालून आणीत. विभागाजवळ उत्तर एकच होते: घशात नळी, छातीवर दाब, आणि अतिदक्षता विभागाच्या काचेपलीकडे रवानगी. सोनलनेही कित्येक वर्षे तेच केले. मग कधीतरी तिला हे खटकू लागले. नेमके केव्हा, हे ती सांगत नाही. रजा काढून ती केरळात काही महिने या विषयाचे शिक्षण घेऊन आली आणि रुग्णालयाकडून शनिवारच्या सकाळी एक तास मागून घेतला.

त्या तासाशी माझा संबंध असा, की तेथे मी नातेवाईक होतो. शिकणाऱ्या डॉक्टरांनी वाईट बातमी सांगण्याचा सराव एकमेकांवर केला तर ते हसतात. अनोळखी वृद्धासमोर हसता येत नाही. म्हणून सोनलने मला विचारले आणि मी होकार दिला. आजवर मी मरणासन्न भावांचा भाऊ, पत्नींचा पती आणि एकदा मुलाचा बापही झालो आहे.

या वर्षीच्या तुकडीत ऋत्विक नावाचा एक हुशार मुलगा होता. नाशिकचा, उंच, बोलण्यात तिखट. पहिल्याच तासाला तो म्हणाला, “मॅडम, राग मानू नका, पण आम्ही इमर्जन्सीवाले. आम्हाला हे शिकवणं म्हणजे फायर ब्रिगेडला पाणी कसं मारायचं नाही ते शिकवणं.”

वर्ग हसला. सोनलही हसली. “अरे, फायर ब्रिगेडसुद्धा पाइप सोडायच्या आधी विचारते, आत कोण आहे. तू विचारतोस?”

“विचारतो ना. नाव, वय, काय होतंय, कधीपासून.”

“ते पेशंटचं झालं. बाहेर उभ्या असलेल्यांना काय विचारतोस?”

“सगळं करायचं का, हे विचारतो.”

“चल, सरांना विचार.”

मी त्या दिवशी एका वृद्धेचा मुलगा होतो. ऋत्विकने माझ्यासमोर उभे राहून, हातातला मोबाईल उलटासुलटा करीत, आईची प्रकृती गंभीर असल्याचे सांगितले आणि म्हणाला, “काका, सगळं करायचं ना?”

“सगळं करा,” मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार? अर्धवट करा असे कोणता मुलगा सांगेल?

“झालं,” ऋत्विक वर्गाकडे वळून म्हणाला. “नातेवाईक म्हणतात, सगळं करा. विषय संपला.”

“विषय सुरू झाला,” सोनल म्हणाली. “पहिली गोष्ट, तू उभा आहेस. सर बसलेत, आणि तू त्यांच्या डोक्यावर ढगासारखा उभा आहेस. दुसरी, मोबाईल खिशात. तिसरी गोष्ट सांगते ती पुस्तकात नाही, ती इथली आहे. आमच्या गावांत लग्न झालेली बाई गेली, तर तिच्या माहेरची माणसं आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. भाऊ येतो, लुगडं घेऊन येतो, ते तिच्या अंगावर घालतो आणि सासरच्यांना विचारतो, माझ्या बहिणीचं तुम्ही काय केलंत? त्याचं समाधान झालं तरच पुढचं. तुम्ही हे शवागारापाशी बघितलं असेल. माणसं तासन् तास थांबतात आणि तुम्ही चिडता.”

“हो मॅडम,” मृणाली नावाची मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली. “परवाच मी चिडले.”

“तर ही वाट बघणं मेल्यावर सुरू होत नाही. आधीच सुरू झालेलं असतं. मुलगा तुम्हाला ‘सगळं करा’ म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याच्या मनात एवढंच असतं की मामा येईपर्यंत धरून ठेवा. ते त्याला तुमच्या तोंडावर बोलवत नाही. तुम्ही विचारायचं.”

“काय विचारायचं?”

“खाली बसायचं आणि विचारायचं, कोण यायचं राहिलंय?”

ऋत्विकने ते ऐकले. पटले असावे असे मला वाटले नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी, फेब्रुवारीच्या अखेरीस, मी नेहमीप्रमाणे वर्गाच्या वेळेपूर्वी रुग्णालयात पोहोचलो. वर्गाची खोली तातडीच्या विभागाला लागूनच आहे, मधले दार बहुधा उघडे असते. आत गडबड होती. ठमाबाई नावाच्या वृद्धेला तिच्या मुलाने, सदाने, नुकतेच आणले होते. सदा बंदरावर ट्रेलर चालवतो. रात्रपाळीवरून येताच तो तिला घेऊन निघाला असावा. अंगात खाकी शर्ट तसाच होता.

ठमाबाईला मी ओळखत होतो, कारण सोनलच्या बाह्यरुग्ण विभागातील बाकावर ती माझ्या शेजारी एकदा बसली होती. छातीचा कर्करोग फुप्फुसांत उतरलेला. मुंबईचे उपचार दिवाळी सरल्यावर संपले. तिच्या जावेचे शेवटचे दिवस व्हेंटिलेटरवर गेले होते आणि ते तिने जवळून पाहिले होते. सोनलला तिने तेव्हाच इकडच्या बोलीत, जिच्यात ‘मला’चे ‘मना’ आणि ‘ड’चा ‘र’ होतो, बजावले होते, “बाय, मना त्या मशीनला बांदू नको. माज्या जावंला बांदली व्हती. बोलाया गेली त बोलता येवं ना.” सोनलने तशी नोंद तिच्या कागदांवर करून ठेवली होती आणि सदालाही समजावले होते. त्याने मानही डोलावली होती. परंतु मान डोलावणे दिवाळीनंतरचे होते आणि आईची धाप आजची.

ठमाबाई पलंगावर बसलेली होती, दोन्ही हात मांड्यांवर रोवून, प्रत्येक श्वासाला खांदे वर उचलीत. ओठ काळवंडलेले. ऋत्विक कर्तव्यावर होता. सदा त्याला म्हणत होता, “डॉक्टर, कायबी करा. सगलं करा. पन आयेला ठेवा.”

मला वाटले आता नळीची तयारी होणार. तशी पेटी मृणालीने उघडलीही होती. पण ऋत्विकने इकडेतिकडे पाहिले, कपाटापाशी गेला, स्टूल आणले, सदाच्या समोर ठेवले आणि त्यावर बसला. मोबाईल त्याने खिशात टाकला होता.

“सदाभाऊ,” तो म्हणाला, “कोण यायचं राहिलंय?”

सदाचा चेहरा एकदम सैल पडला. “मामा,” तो म्हणाला. “चांगदेवमामा. एकच भाऊस हाय आयेला. मांडव्याच्या पलीकडं ऱ्हातो. फाटेला घरून फोन गेला, तवापासून रेवसला येऊन बसलाय. लाँच लागत नाय.”

पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. त्या दिवसांत सकाळची ओहोटी मोठी असते आणि रेवसच्या धक्क्यापाशी चिखल उघडा पडतो. पाणी चढल्याशिवाय आमच्या बाजूच्या करंजा धक्क्याकडे येणारी लाँच निघत नाही. पेण-वडखळवरून रस्त्याने वळसा घालून यावे, तर तेवढाच वेळ जातो. समोरच्या किनाऱ्यावरची झाडे उरणहून दिसतात. पण खाडी मध्ये आहे.

“मामा मना इचारल,” सदा खालच्या आवाजात म्हणाला. “सगल्या भावकीसमोर इचारल, सदा, माजी बहीन तुज्या हवाली व्हती, तू काय केलंस? मी काय सांगू? डॉक्टरनं हवा लावली नि बगत बसला?”

सोनल तेवढ्यात आत आली. ऋत्विक उठून तिच्याकडे गेला आणि दोघे मधल्या दारापाशी, माझ्यापासून हातभर अंतरावर, बोलू लागले. मी बाजूला होऊ पाहिले. तिने खुणेने राहू दिले.

“मॅडम, विचारलं,” ऋत्विक म्हणाला. त्याच्या स्वरात थोडा अभिमान होता. “तुमचाच प्रश्न. भाऊ यायचाय, पाणी भरल्याशिवाय येऊ शकत नाही. ती तोवर टिकणार नाही. ट्यूब टाकली तर टिकेल. मग टाकू ना?”

सोनलने ठमाबाईचे कागद उघडून आपली नोंद पाहिली.

“तुम्हीच म्हणालात, कोणासाठी थांबलेत ते शोधा. शोधलं. आता थांबवायचं साधन आपल्याकडे आहे. फक्त काही तास. मामा आला, भेटला, की काढू.”

“ती नको म्हणालीये.”

“तेव्हा भाऊ खाडीपलीकडे अडकेल हे तिला माहीत होतं का?”

ऋत्विक वितंडवाद करीत नव्हता. त्याचा प्रश्न खरा होता आणि तो सोनलच्याच शिकवणीतून निघाला होता. नळी न घालावी तर भावाची भेट बहुधा हुकणार. सदाला त्याचा जाब आयुष्यभर द्यावा लागणार. घालावी तर त्या बाईने जे एकच मागितले होते ते मोडणार. सोनलने खिडकीतून बाहेर पाहिले. तेथून खाडी दिसत नाही, कंटेनरच दिसतात.

“तू मुलाला विचारलंस,” ती शेवटी म्हणाली. “मीही तुम्हाला तेवढंच शिकवलं. पलंगावरच्या बाईला कोणी विचारलं?”

“ती बोलू शकत नाहीये, मॅडम. एक शब्द धड येत नाही.”

“मग आधी बोलण्याइतकी धाप कमी कर. मॉर्फीन, अगदी थोडं. ते तुला ठाऊक आहे. टेबलावरचा पंखा तिच्या तोंडासमोर आण. मागे उशा दे, टेकू दे. आणि एवढी माणसं हटव.”

पुढचा काही वेळ ऋत्विक कामाला लागला. हे त्याचे क्षेत्र होते. त्याचे हातही वेगवान होते. फरक मला दुरूनही दिसला. ठमाबाईचे खांदे हळूहळू खाली आले. श्वास अपुराच होता, पण त्यातली झटापट गेली. पंख्याच्या वाऱ्याने कपाळावरचे पांढरे केस उडत होते आणि तिने डोळे मिटून तो वारा घेतला.

ऋत्विकने स्टूल पलंगाजवळ नेले. “आजी,” तो म्हणाला, “तुमचे भाऊ येतायत. रेवसला आहेत. पाणी भरेपर्यंत लाँच निघणार नाही.”

“माहीत हाय,” ती म्हणाली. “भरती... मना शिकवतोस?”

सदाला हसू फुटले आणि लगेच त्याने तोंड फिरवले.

ऋत्विक थांबला. मग एकेक वाक्य सुटे करून बोलू लागला. “घशात नळी घातली, तर ते येईपर्यंत आम्ही तुम्हाला ठेवू शकू. बहुतेक ठेवू. पण झोपेचं औषध द्यावं लागेल. तुम्हाला बोलता येणार नाही. ते आल्याचं कळणारही नाही. नाही घातली, तर त्रास होऊ देणार नाही, ते माझ्याकडे लागलं. पण ते येईपर्यंत तुम्ही असाल, असं मी सांगू शकत नाही.”

हे वाक्य कोणा माणसाच्या तोंडावर उच्चारणे सोपे नाही. त्याने ते तिच्याकडे पाहत उच्चारले.

ठमाबाईने बराच वेळ श्वास जमवला. “तो मना बगल,” ती म्हणाली. “मी त्याला बगनार नाय. मंग कोनासाठी ठेवताव मना?”

 ऋत्विकने सोनलकडे पाहिले. ती पुढे आली नाही.

“आये,” सदा म्हणाला, “मामा मना सोरनार नाय.”

“फोन लाव त्याला.”

सदाने फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडून वारा आणि माणसांचा गलका ऐकू आला. मग चांगदेवचा खरखरीत स्वर. “बाय! मी हितंच हाव. नुस्ता चिखल हाय. तो लाँचवाला माजं आयकत नाय. पोहत येऊ का?”

“बुरशील,” ठमाबाई म्हणाली. “मंग तुलाबी मनाच रराया लागंल.”

“बोलू नको जास्ती.”

“मंग फोनवर काय करू?” तिने श्वास घेतला. “लुगरं आनलंस?”

 भावाने जे पिशवीत लपवून आणले होते, जे बहिणीला कधीच दिसायचे नसते, त्याची चौकशी ती स्वतः करीत होती.

“आनलंय,” तो म्हणाला. आवाज बदलला होता. “भाऊबीजंचं हाय, बाय. तू तवा मुंबईला व्हतीस. ऱ्हायलंच द्यायचं.”

“पांढरं त नाय?”

“अंजिरी.”

“हां.” तिचा चेहरा उजळला असे मी लिहिणार नाही, त्याला तेवढी शक्ती उरली नव्हती. पण विधवेला पांढरेच नेसवतील ही धास्ती सुटल्यासारखी ती मान हलवून समाधानाने उशीला टेकली. “अंजिरी बरा. चांग्या, आयक. सदाला काय बोलू नको. मीच नको बोल्ले. नली मीच नको बोल्ले. आयकलंस?”

“मी येतो ना. आल्यावर बग.”

“आयकलंस का?”

“आयकलं.”

तिने हाताने फोन दूर करण्याची खूण केली. त्यानंतर ती फार बोलली नाही. सदाने तिच्या तळहातांना तळहात लावून ठेवले होते. मृणाली मधून मधून ओल्या कापसाने तिचे ओठ पुशीत होती. एकदा धाप वाढू लागली तेव्हा ऋत्विकने औषध पुन्हा दिले आणि स्टुलावर बसून राहिला. बाहेर दुसरे रुग्ण आले, गेले, त्याच्या सहकाऱ्यांनी ते पाहिले. त्याला कोणी हाक मारली नाही.

रेवसहून लाँच सुटल्याचा फोन आला तेव्हा सदाने तो आईच्या कानाशी धरला. तिने डोळे उघडले की नाही यावर नंतर सदा आणि मृणालीत एकमत झाले नाही. लाँच खाडीत असतानाच ठमाबाई गेली.

चांगदेव आला तो जवळजवळ धावतच. साठी उलटलेला, आखूड धोतर, गुडघ्यापर्यंत चिखल. तो त्या भागातल्या पांढऱ्या कांद्याचा शेतकरी. काढणीचे दिवस असल्याने त्याच्या हातांना कांद्याचा दर्प होता आणि तो त्याच्या आधी दारातून आत आला. काखेत प्लास्टिकची पिशवी घट्ट धरली होती. सदाला पाहताच तो समजला. समजल्यावर माणूस शांत होतो असे काही नाही.

“दोन घटका,” तो ओरडला. “दोन घटका ठेवता आली नाय? यवरं मोठं हॉस्पिटल! कशाला हाय मंग? सदा, तू काय केलंस? तू काय केलंस रं?”

सदा भिंतीशी उभा राहिला आणि खाली पाहू लागला. मी सोनलकडे पाहिले. ती पुढे जाण्यासाठी एक पाऊल उचलून थांबली. त्या क्षणी थांबणे तिला किती जड गेले असेल याची मला कल्पना आहे. वर्गात चुकीचे उत्तर येत असताना खडू हातात धरून उभे राहणे ज्याने केले आहे, त्याला ती कल्पना येऊ शकते. आणि येथे प्रश्न वर्गातला नव्हता.

ऋत्विकने स्टूल उचलून आणले आणि चांगदेवपुढे ठेवले. चांगदेव बसला नाही. त्याने स्टूल पायाने बाजूला सारले आणि स्वतः फरशीवर, भिंतीला पाठ लावून, मटकन खाली बसला. ऋत्विक स्टुलाकडे गेला, पण त्यावर बसला नाही. तो पांढऱ्या कोटासह फरशीवर चांगदेवसमोर बसला, कारण स्टुलावर बसला असता तर तो वर राहिला असता.

“मामा,” तो म्हणाला, “ठेवता आली असती.”

सदाने दचकून वर पाहिले.

“मशीनवर ठेवता आली असती. ते न करण्याचं सदाभाऊंनी ठरवलं नाही. मीही ठरवलं नाही. मी तर नळी घालायला निघालो होतो. त्यांना विचारलं. त्या नको म्हणाल्या.”

“फोनवर बोल्ली ती,” चांगदेव म्हणाला. “पन कशी नको बोल्ली? भाऊस येतोय तरी नको? तुमी तिला काय भ्या दाखवलं?”

“नाही.”

“मंग काय बोल्ली? तिचाच बोल सांग. तुजा नको.”

ऋत्विक नाशिकचा. त्या बोलीचे वळण त्याच्या जिभेला नव्हते. तरी जसे जमेल तसे तो म्हणाला, “तो मना बगल. मी त्याला बगनार नाय. मंग कोनासाठी ठेवताव मना.”

चांगदेवने डोळे बारीक केले. मग त्याच्या गळ्यातून एक आवाज निघाला, तो हुंदका होता की हसणे हे मला ठरवता आले नाही.

“हां,” तो म्हणाला. “तीच बोल्ली. अशीच हाय ती. बापाशीबी अशीच बोलाची.”

तो बराच वेळ तसाच बसला. ऋत्विकही उठला नाही. मग चांगदेवने पिशवी उघडली, अंजिरी लुगडे बाहेर काढले, आणि उठून पलंगापाशी गेला. घडी उलगडताना त्याने मागे वळून पाहिले. “सदा,” तो म्हणाला, “हुबा काय ऱ्हायलास? दुसरं टोक धर.”

सदाने धरले. आमच्याकडे हे लुगडे भाऊ एकटा घालतो. दुसऱ्या टोकाला भाच्याला बोलावल्याचे मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. बाकी काही विचारले गेले नाही. विचारण्याची गरज आता भावकीतही उरली नाही, एवढे सदाला त्या टोकावरून कळले असावे, कारण तो त्यानंतर प्रथमच मोठ्याने रडला.

जाताना चांगदेव ऋत्विकपाशी थबकला. “तू कनच्या गावचा?”

“नाशिकचा, मामा.”

“बहीन हाय?”

“आहे. धाकटी.”

“भाऊबीजंला जातस?”

“ड्यूटी असते बहुतेक.”

“जात जा,” चांगदेव म्हणाला आणि गेला.

सोनल आणि मी मधल्या दारात उभे होतो. ती म्हणाली, “सर, नळी घातली असती तर भेट झाली असती.”

“भेट?” मी विचारले.

“तोंड बघणं.” मग ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “तो प्रश्न मी इतकी वर्षं शिकवते आहे, आणि अर्धाच शिकवते आहे. कोण यायचं राहिलंय, एवढंच. तो आल्यावर तुम्हाला काय करायचंय, हे मी कधी विचारायला सांगितलंच नाही.”

  तिने घड्याळ पाहिले. वर्गाची वेळ कधीच टळली होती, पण मुले बाकांवर येऊन बसली होती.

“ऋत्विक,” तिने हाक मारली, “वर्ग आहे.”

“आज, मॅडम?”

“आज. आणि आज सर ठमाबाई. मुलगा नाही, पलंगावरची बाई. सर, चालेल ना?”

मी चालेल म्हणालो. ऋत्विकने बाजूला सारलेले स्टूल उचलले, जंतुनाशकाच्या फडक्याने बैठक आणि चारही पाय नीट पुसले, आणि कपाटाच्या डाव्या बाजूला नेऊन ठेवले. मग क्षणभर विचार करून त्याने ते पुन्हा उचलले आणि वर्गात घेऊन आला.